हबासचा बचाव आणि चुंबकी बोर्ड

घडीचा टॅक्टिक्स बोर्ड, 45 बाय 30 सेंटीमीटर. लाल आणि निळ्या प्रत्येकी 11 सोंगट्या, एक पिवळा चेंडू, एक मार्कर. पुण्यात क्रीडासाहित्याच्या दुकानांत तो प्रशिक्षकांसाठी म्हणून विकला जातो, पण अमृततुल्यच्या बाकड्यावर भांडणाऱ्यांनाच त्याची जास्त गरज आहे.

भांडण बहुतेक वेळा स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक अंतोनियो हबासवरून असतं. बालेवाडीला सामने पाहिलेल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, 2016ला इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) त्याची एफसी पुणे सिटी आठ संघांत सहावी, वर खेळ रटाळ, विषय संपला. दुसरा लगेच 2014 काढतो. त्या वर्षी हबासच्या कोलकात्याने साखळीत 14 पैकी 4 सामने जिंकले, 7 बरोबरीत सोडवले आणि करंडक उचलला. उपांत्य फेरीत गोव्याशी दोन्ही सामने गोलशून्य, मग पेनल्टी. अंतिम सामन्यात केरळवर 1-0, तोही गोल भरपाई वेळेतला. 2019-20ला हबासचाच एटीके (म्हणजे तोच कोलकात्याचा संघ) पुन्हा विजेता झाला तेव्हा त्याचा आघाडीपटू रॉय कृष्णाच्या नावावर 15 गोल होते. ‘नुसता बचाव’ म्हणणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते.

आता हबासचा 5-3-2 (पाच बचावपटू, तीन मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतले, दोन आघाडीचे) बोर्डावर मांडा. पाहताक्षणी वाटतं, यातून मुंगीही जायची नाही. पण ही बोर्डाची लबाडी आहे. 105 मीटरचं मैदान 45 सेंटीमीटरात बसवलं की 1 सेंटीमीटर म्हणजे सव्वादोन मीटरहून थोडं जास्त. सोंगटी 2 सेंटीमीटरची, म्हणजे एकेक बचावपटू साडेचार मीटर रुंद! पाच जणांनीच मैदानाची तृतीयांश रुंदी अडवली. दोन फळ्यांत 10 मीटर अंतर ठेवलं, तर सोंगट्यांची रुंदी वजा जाता मधे दिसतात जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. उपाय स्वस्त आहे: स्टेशनरीच्या दुकानातले 8 मिलिमीटरचे चुंबक आणा. ते भरतात दोन मीटरच्या आत, म्हणजे पाय लांब करून गाठता येईल तेवढंच.

दुसरी अडचण वेळेची. सोंगट्या एकेक करून सरकवताना बचाव करणारा हळूच सगळ्यांना जागेवर पोचवतो आणि जिंकतो. म्हणून आधीच ठरवून घ्या: चेंडू 10 सेंटीमीटर गेला तर कोणताही खेळाडू 4च्या पुढे सरकणार नाही. हा ढोबळ हिशेब आहे, पण भांडणाला पुरतो. आता चेंडू उजव्या कडेला ठेवा, मधले तिघे तिकडे ओढून घ्या आणि 20 सेंटीमीटरचा लांब पास डावीकडे टाका. कडेपासून 14 सेंटीमीटरवर असलेला मिडफिल्डर 8 सरकतो आणि 6 उरतात, म्हणजे सुमारे 14 मीटर मोकळे. ते झाकायला विंग-बॅक (पाचांतला कडेचा बचावपटू) पुढे येतो, त्याच्या पाठीमागे खिंडार पडतं, ते बुजवायला बाजूचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) ओढला जातो आणि पेनल्टी क्षेत्रात दोघेच राहतात. 5-3-2 फुटतो तो बहुधा इथे. लहान चुंबकांवर हे स्वच्छ दिसतं, मूळ सोंगट्यांवर अजिबात नाही.

बाकी बनावट ठीकठाक. बिजागरी नेमकी मध्यरेषेवर असल्यामुळे तिथला चुंबक नीट टेकत नाही आणि बिचारा होल्डिंग मिडफिल्डर (बचावाच्या पुढ्यात उभा राहणारा) सारखा कलंडतो. मार्करची शाई लगेच पुसा. रात्रभर राहिली तर सॅनिटायझर लागतं. आकड्यांचे स्टिकर चहाच्या ओल्या हातांनी निघतात, त्यामुळे आकडे पर्मनंट मार्करने सोंगटीवरच लिहिलेले बरे.

2016च्या सहाव्या नंबरचा निकाल मात्र बोर्डावर लागत नाही. त्या हंगामात सुरुवातीच्या सामन्यांना हबास निलंबनामुळे डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या प्रशिक्षकांच्या बाकावर) नव्हताच, आणि स्टँडमध्ये बसलेल्या प्रशिक्षकाची सोंगटी या डब्यात येत नाही.