गोगलगायींचा सापळा: दिवसा टाकलात तर पैसे पाण्यात

फिशटँकसाठी मिळणारा हा सापळा म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची आडवी डबी. दोन्ही टोकांना फक्त आत उघडणाऱ्या झडपा, मधे आमिषाची वाटी. बरेच जण तो सकाळी टाकतात, दुपारी रिकामा काढतात आणि ‘बोगस माल’ म्हणून मोकळे होतात. चुकलेली असते ती वेळ.

निमुळत्या शंखाची ट्रम्पेट स्नेल दिवसभर वाळूत गाडून घेते. अंधार झाला की वर येऊन शेवाळ आणि माशांचं उरलंसुरलं खरवडते, उजेड झाला की पुन्हा खाली. म्हणून सापळा लाइट बंद करताना टाकायचा, सकाळी लाइट लावण्याआधी काढायचा. त्या संध्याकाळी माशांना खाणं नको. तळाशी दाणे पडलेले असताना आमिषाकडे कोण फिरकणार?

आमिष काकडीचं: अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती उकळत्या पाण्यात १ मिनिट. कच्ची चकती तरंगते. सकाळी ती काढायलाच हवी, सडली की पाणी दुधाळ होतं. डबीचं तोंड वाळूच्या पातळीत येईल इतकी डबी दाबून बसवा.

खरी खोट झडपेत आहे. बिजागरीत वाळूचा एक कण अडकला तरी झडप अर्धवट उघडी राहते आणि रात्रीची कमाई सकाळपर्यंत निघून जाते. दर वेळी जुन्या टूथब्रशने घासून घ्या. बारीक पिल्लं तशीही फटीतून निसटतात. या जातीची मादी नराशिवायही पिल्लं देते, त्यामुळे एका रात्रीत काही होत नाही. सलग ४-५ रात्री लावा, मग आठवड्यातून एकदा. आणि माशांचं खाणं कमी करा, नाहीतर सगळं व्यर्थ.

चपट्या, गुंडाळी शंखाच्या रॅम्सहॉर्न गोगलगायीही सापडतात. छोट्या, फुगीर शंखाच्या ब्लॅडर स्नेल मात्र दिवसाही काचेवर फिरतात आणि हवेसाठी वर येतात, त्या हाताने वेचणंच सोपं. टँकमध्ये कोळंबी असेल तर तीही आत शिरते.

भर दिवसा ट्रम्पेट स्नेलची फौजच्या फौज काचेवर चढलेली दिसली, तर सापळा राहू द्या. ऑक्सिजन कमी पडला असेल किंवा अमोनिया वाढला असेल. फिल्टर बघा, पाणी तपासा, एक तृतीयांश बदला.

पकडलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग कुंडीच्या मातीत पुरा.

सापळ्याला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा झडपेने खाल्ला, एक पिल्लांनी.