एनओसी खोटी निघाली, माझे 4,58,700 रुपये गेले

जुनी गाडी घेताना आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्स कंपनीच्या लोनचा बोजा, आहे का ते बघा, असं सगळे सांगतात. मी बघितलं होतं. तरी फसलो, म्हणून लिहितोय.

टोमॅटोच्या सीझनसाठी पिकअप हवी होती. सौदा 4,35,000 ला ठरला. इसार 50,000 रोख, 2,00,000 आरटीजीएस, उरलेले 1,85,000 पुन्हा रोख. एजंटाचे 5,000. ताडपत्री आणि बॉडीकामाला 18,700. रोख देऊ नका. माझ्याकडे आज पुरावा फक्त दोन लाखांचा आहे.

सौद्याच्या दिवशी टपरीवर बसून मी एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. फायनान्स कंपनीचं नाव समोर दिसत होतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, लोन कधीच फिटलंय. एचपी उतरवायची तेवढी राहिलीय, ही बघा एनओसी." एनओसी म्हणजे लोन फिटल्याचं कंपनीचं पत्र. शिक्का होता, सही होती, सोबत एचपी उतरवायचा फॉर्म 35 होता. एनओसीवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. आठ महिने! लोन फिटल्यावर कोण एवढे दिवस एनओसी घरात ठेवून बसतं? कंपनीची शाखा तिथून दहा मिनिटांवर होती. मी गेलो नाही. फोन खिशात घातला आणि गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या. रात्र रात्र तेच डोळ्यांसमोर येतं.

मी काही अडाणी नाही. बी.कॉम. झालोय, घरातले सगळे व्यवहार मीच बघतो. पण एजंट ओळखीचा, माणूस बायकापोरांसह घरी जेवून गेलेला, कागद समोर. कोणाला शंका आली असती?

41 व्या दिवशी पहाटे फायनान्स कंपनीच्या माणसांनी हायवेवर गाडी ओढून नेली. 62 क्रेट माल रस्त्याच्या कडेला उतरवून घेतला. लोनची बाकी 2,87,460 आणि पार्किंगचे पैसे भरा म्हणाले. एनओसी दाखवली तर शाखेतल्या बाईंनी एका नजरेत सांगितलं, ही आमची नाही. लोनचा तपशील मात्र देणार नाहीत, कारण मी त्यांचा ग्राहक नाही! म्हणून सांगतो, गाडी घेण्याआधी विकणाऱ्या मालकालाच शाखेत घेऊन जा, बाकी रक्कम थेट लोन खात्यात भरा, उरलेले पैसे एचपी उतरून आरसी आपल्या नावावर झाल्यावरच द्या.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकलं, "फायनान्सवाल्यांनी नेली, म्हणजे चोरी नाही. सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला, पोच द्यायला नकार. बनावट एनओसी दाखवून पैसे घेणं सिव्हिल कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) मग कशासाठी आहे? सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. आरटीओत गेलो तर म्हणे, नोंद ऑनलाइन दिसतच होती, तुम्ही बघायला हवं होतं. सगळ्यांचं बोट माझ्याकडेच. ज्याने पैसे घेतले त्याला एक फोनसुद्धा कोणी केला नाही.

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर हात जोडत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, एनओसीचा फोटो काढून ठेवा.

मी तक्रार पोस्टाने पाठवून 19 दिवस झाले. पोच आली आहे, उत्तर नाही. वकिलाने 12,000 मागितलेत, सोमवारी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज टाकतोय.