‘8के, 16 जीबी, आयुष्यभर फ्री’ : प्रदर्शनातल्या टीव्ही बॉक्सची गोष्ट

गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात हल्ली पोळी मेकर आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या मधे टीव्ही बॉक्सचा स्टॉल असतोच. भिंतीवर भलामोठा टीव्ही, त्यावर पोपट, धबधबे, समुद्राखालचे मासे, आणि माइक धरलेला पोरगा ओरडतोय, “जुना टीव्ही भंगारात देऊ नका, स्मार्ट करा! एकदाच पैसे, आयुष्यभर सगळी चॅनेलं फ्री!” सांगलीत माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, असाच एक डबा 2,999 रुपयांना घेतला. सोबत मेहुणा होता. त्यानेच घासाघीस करून भाव साडेचार हजारांवरून खाली आणला, त्यामुळे घरी आल्यावर डब्याची वकिलीही त्याच्याकडेच गेली.

खोक्यावर काय काय छापलं होतं ते आधी सांगतो, कारण तुम्हाला दिसेल त्या खोक्यावरही थोड्याफार फरकाने हेच असेल : 8के अल्ट्रा एचडी, अँड्रॉइड 13, 16 जीबी रॅम, 256 जीबी स्टोरेज, 5जी वायफाय, यूएसबी 3.0. कंपनीचं नाव कुठेही नाही. ‘स्मार्ट टीव्ही बॉक्स’ एवढंच, आणि खाली ‘मेड इन चायना’.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. यूट्यूब लागायचं, आधीच टाकून दिलेल्या एका अ‍ॅपवर क्रिकेट आणि मराठी मालिका दिसायच्या. सासूबाई खूश, अण्णा खूश. मग एका सामन्याच्या ऐन रंगात ते अ‍ॅप गोल गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. स्टॉलवाल्याच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : सर्व्हर रिन्यूअल 999 रुपये, सोबत क्यूआर कोड. ‘आयुष्यभर’ कुणाच्या आयुष्यभर, हे विचारायचं राहूनच गेलं होतं म्हणायचं.

मी त्या सुमारास सांगलीला गेलो होतो. माझं काम नेटवर्किंगचं, त्यामुळे डबा माझ्यापुढे आला आणि मेहुणा समोर बसला.

“दाजी, अ‍ॅपचं सोडा, ते चोरीचं असणार हे मलापण कळतंय. पण डबा एक नंबर आहे. 16 जीबी रॅम आहे, माझ्या लॅपटॉपला आठ आहे.”

“कुणी सांगितलं 16 आहे?”

“सेटिंगमध्ये दाखवतोय की! हे बघा.”

आणि खरंच दाखवत होता. ‘या उपकरणाविषयी’ हे पान उघडलं की रॅम 16 जीबी, साठा 256 जीबी, अँड्रॉइड 13. सगळी फसवणूक याच पानावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. कुणीही तो घेऊन आपल्या डब्यात भरू शकतो, आणि त्या पानावर कोणता आकडा दिसावा हेही डबा बनवणाराच लिहितो. खोक्यावरचं छापील खोटं आपण पकडू, पण तेच पडद्यावर दिसलं की भलेभले गप्प बसतात. मेहुणा इंजिनिअर आहे, तोही बसला.

प्ले स्टोअरवर हार्डवेअरची माहिती दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात, त्यातलं एक टाकलं. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक एपीआय क्रमांक असतो. तो बदलला तर अ‍ॅप्स कोलमडतात, म्हणून बनवेगिरी करणारे सहसा त्याला हात लावत नाहीत. अँड्रॉइड 13 चा क्रमांक 33. या डब्यात निघाला 29, म्हणजे अँड्रॉइड 10, 2019 सालचं.

“बरं, व्हर्जन जुनं असेल. स्टोरेज तर आहे ना?”

मेहुण्याच्याच लग्नाचं शूटिंग घरात एका पेनड्राइव्हवर होतं. म्हटलं, हे डब्यात कॉपी कर. निळी पट्टी सरकत होती, सासूबाई कौतुकाने बघत होत्या. हळद झाली, सीमांतपूजन झालं, आणि मंगलाष्टकांच्या आधीच डब्याने हात वर केले : जागा शिल्लक नाही. भरले होते जेमतेम पाच जीबी. सेटिंगचं पान मात्र अजूनही दोनशेच्या वर जीबी मोकळे असल्याचं शांतपणे सांगत होतं. आत 8 जीबीची चिप असणार आणि उरलेली जागा सिस्टीमने खाल्लेली.

मग मेहुण्यालाच चेव आला. त्याने खालचे रबराचे पाय उचकटले, स्क्रू काढले. आत तळहातापेक्षा छोटी पाटी, चिपवर चिकटवलेला पातळ पत्रा, वायफायसाठी एक बारीक वायर. निळ्या यूएसबीच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं. यूएसबी 3.0 ला नऊ पत्र्या लागतात, इथे चारच. प्लॅस्टिक तेवढं निळं. ‘5जी वायफाय’चा अर्थ खरं तर 5 गिगाहर्ट्झचा पट्टा, पण घरच्या राउटरचं त्या पट्ट्यावरचं नाव या डब्याच्या यादीत कधी आलंच नाही.

सगळंच वाईट होतं असं मात्र नाही, आणि मेहुण्याने ते माझ्याकडून कबूल करून घेतलं. वायरने इंटरनेट जोडायचं भोक 100 एमबीपीएसचं होतं. यावर लोक नाक मुरडतात, पण 4के चित्रासाठी नेटफ्लिक्स स्वतः 15 एमबीपीएस पुरे म्हणतं. यूट्यूबही बरं चालायचं. आणि 8के नाही म्हणून रडण्यात अर्थ नव्हता. अण्णांचा टीव्ही 32 इंची एचडी रेडी. त्याच्या पडद्यावर 1366 × 768, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. 8के चित्रात ठिपके असतात 3 कोटी 31 लाख. डबा खरोखर 8के असता तरी अण्णांना काडीचा फरक पडला नसता. स्टॉलवरचे ते पोपट कुठून दिसत होते, हे मेहुण्यालाच नंतर आठवलं : टीव्हीच्या मागे एक पेनड्राइव्ह लटकत होता.

“ते सगळं सोडा दाजी. चालतंय ना? तीन हजारांत अजून काय पाहिजे?”

हा त्याचा सगळ्यात तगडा मुद्दा, आणि त्याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं चित्राचं. नेटफ्लिक्स, प्राइम यांसारख्या सेवा आपलं चित्र कुलूप लावून पाठवतात. अँड्रॉइडमध्ये त्या कुलपाचं नाव वाइडवाइन. चिपच्या आत सुरक्षित किल्ली असलेल्या आणि रीतसर तपासलेल्या उपकरणाला एल1 दर्जा मिळतो, नसेल तर एल3. एल3 असला की नेटफ्लिक्स एचडी देतच नाही, तुम्ही सगळ्यात महागडा प्लॅन घेतला असला तरी. अण्णांचा डबा एल3 होता. वर नेटफ्लिक्सचं अ‍ॅपही टीव्हीचं नव्हतं, मोबाइलचं होतं. रिमोटवर माऊसचं बटण दाबायचं, मग पडद्यावर बाण येतो, तो बाण मुंगीच्या चालीने ‘प्ले’पर्यंत न्यायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात हा खेळ देऊन बघा. म्हणजे स्वतःच्या खिशातून प्लॅनचे पैसे भरायचे आणि बघायचं मात्र धुरकट चित्र.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. राउटरच्या अ‍ॅपमध्ये कोणतं उपकरण किती डेटा वापरतं ते दिसतं. टीव्ही बंद, घर झोपलेलं, आणि हा डबा रात्रभर डेटा बाहेर पाठवत होता. नेमकं काय पाठवत होता हे मी तपासून काढलं नाही, डबा सरळ काढून टाकला. पण असे डबे काय करतात याच्या नोंदी आता भरपूर आहेत. जानेवारी 2023 मध्ये कॅनडातल्या एका तंत्रज्ञाने टी95 नावाच्या स्वस्त डब्यात कारखान्यातूनच घातलेलं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, दाखवून दिलं. सप्टेंबर 2024 मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने सांगितलं की ‘व्हो1ड’ नावाच्या मालवेअरने 197 देशांतल्या सुमारे 13 लाख टीव्ही बॉक्सना ग्रासलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘बॅडबॉक्स’ नावाचं मालवेअर असलेल्या 30,000 उपकरणांचा ते मालवेअर चालवणाऱ्या भामट्यांशी असलेला संपर्क तोडला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’बद्दल जाहीर इशारा दिला, आणि जुलैमध्ये गूगलने अशा उपकरणांचं हे जाळं चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा ठोकला. गूगलच्या म्हणण्यानुसार त्यात एक कोटीहून जास्त उपकरणं होती.

अशी जाळी चालवणाऱ्यांचा एक मोठा धंदा असा : तुमच्या घरचं इंटरनेट तुमच्या नकळत भाड्याने द्यायचं. भामटा कुठेही बसलेला असो, त्याचे उद्योग तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्यावरून, झालेले दिसतात. सायबर पोलिसांचा माग तुमच्या दारापर्यंत येतो, आणि दार उघडायला अण्णा. मेहुणा इथे मात्र गप्प झाला.

रिन्यूअलचे 999 अण्णांनी भरले नव्हते. त्यावर स्टॉलवाल्याने दुसरा निरोप पाठवला : “फुकट अपडेट आहे, ही फाइल मोबाइलवर टाका, मग बॉक्स चालू होईल.” फाइल होती एपीके, म्हणजे प्ले स्टोअर टाळून अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी. बॉक्स दुरुस्त करायला मोबाइलवर फाइल कशाला? अशा एपीकेतून मोबाइलचे एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवतात, मग ओटीपी त्यांच्या हातात आणि बँकेचं खातं मोकळं. फाइल न उघडताच डिलीट केली. निरोपाचा स्क्रीनशॉट तेवढा ठेवला. चुकून कुणी उघडलीच आणि पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

पैसे परत मिळाले का? नाही. वॉरंटी कार्डावर एक वर्ष लिहिलं होतं, पण शिक्का नाही, पत्ता नाही. बिल मागितलं तेव्हा ‘बिल घेतलं तर 18 टक्के जास्त’ असं उत्तर मिळालं होतं. यूपीआयवर पैसे ज्याच्या नावाने गेले ते नाव स्टॉलच्या बोर्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. त्यातल्या त्यात यूपीआयची पावती आणि मेहुण्याने सहज काढलेला स्टॉलचा फोटो उपयोगी पडला. त्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवता आली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण नोटीस पाठवायची कुणाच्या पत्त्यावर? मैदानावर आता सर्कशीचा तंबू आहे. प्रदर्शनाच्या आयोजकाने ‘आम्ही फक्त जागा देतो’ असं सांगून फोन ठेवला.

नवीन डबा घेणार असाल तर रॅम-बिम बाजूला ठेवा. गूगलने स्वतः 2020 मध्ये काढलेल्या 4के क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या उपकरणात 2 जीबी रॅम आणि 8 जीबी साठा होता, आणि टीव्ही बघायला तेवढ्यावर भागतं. खऱ्या डब्याच्या खोक्यावरचे आकडे असे बारीक असतात, म्हणूनच 16 आणि 256 च्या शेजारी तो बिचारा दिसतो. अँड्रॉइड डबा असेल तर दुकानात लावून बघा : प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गूगलच्या सुरक्षा तपासणीचं, प्रमाणपत्र दिसतं का, आणि नेटफ्लिक्सचं टीव्हीवालं अ‍ॅप प्ले स्टोअरमधून सरळ उतरतं का. ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा, मगच अ‍ॅप चालेल’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. अ‍ॅमेझॉनच्या स्टिकची (टीव्हीच्या मागे लावायच्या छोट्या उपकरणाची) व्यवस्था वेगळी असल्याने तिला ही परीक्षा लागू नाही. भारतात सेट टॉप बॉक्सला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, सक्तीची नोंदणी आहे. खोक्यावर ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव निघतं. अण्णांच्या खोक्यावर तो क्रमांकच नव्हता. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्टिक तीन ते पाच हजारांत मिळतात, म्हणजे मेहुण्याने घासाघीस केलेल्या भावातच.

आणि फुकटच हवं असेल तर डीडी फ्री डिश आहेच. एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च, महिन्याचं भाडं शून्य, सह्याद्रीसकट. अण्णांकडे शेवटी तीच बसवली. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ अ‍ॅपही आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. मालिकांचा मात्र अजून वाद चालू आहे, सासूबाईंना पाहिजे ते एक चॅनेल फ्री डिशवर येत नाही.

असा डबा आधीच घरात असेल तर वायफायवरून काढा, आणि राउटरचा पासवर्ड बदला, कारण तो डब्यात साठवलेला असतो. डब्यात ज्या गूगल खात्याने लॉगिन केलं होतं त्याचा पासवर्ड मोबाइलवरून बदला आणि खात्याच्या उपकरणांच्या यादीतून डबा काढून टाका. बँकेच्या ओटीपीचे ई-मेल त्याच खात्यावर येत असतील तर हे आजच करा. ‘फॅक्टरी रीसेट’ने काम होत नाही, मालवेअर सिस्टीमच्या मूळ प्रतीतच असतं. इंटरनेट न जोडता पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ बघायला डबा चालतो. ओएलएक्सवर विकू मात्र नका, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या अण्णांकडे जाईल. मेहुण्याने विकायला काढलाच होता, जाहिरातीत 16 जीबी लिहून.