सरळ पाती की हेलिकल हेड? दोन्ही प्लेनर नऊ महिने वापरल्यावर

गेले नऊ महिने माझ्या कामाच्या खोलीत दोन थिकनेस प्लेनर, म्हणजे लाकडी फळी तासून एकसारख्या जाडीची करणारी मशीनं, शेजारी शेजारी होते. दोन्ही 13 इंची, टेबलावर ठेवायचे, मोटरची ताकदही जवळपास सारखीच. फरक एकच, पण सगळी गोम त्यातच आहे. एकात तीन लांब सरळ पाती आहेत. दुसऱ्यात हेलिकल हेड आहे, म्हणजे गोल दांड्यावर पिळाच्या ओळींत बसवलेले कार्बाइड या स्टीलपेक्षा कडक पदार्थाचे 26 छोटे चौकोनी तुकडे. हेलिकल माझं स्वतःचं. सरळ पात्यांचं मामांचं. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी काम थांबवलं आणि मशीन माझ्याकडे पाठवलं. जागा मात्र एकाचीच.

मामांच्या मशीनवर आधी बोलते, कारण नवीन हेड म्हणजे सगळ्यातच भारी असं सगळे गृहीत धरतात आणि ते खरं नाही. पाती ताजी असताना सरळ रेशाच्या सागावर या मशीनमधून जशी फळी निघते, तशी हेलिकलमधून माझ्याकडे एकदाही निघालेली नाही. मी एकाच फळीचे दोन तुकडे केले, एकेक मशीनमधून काढले आणि खिडकीपाशी डोळ्यांच्या पातळीला आडवे धरून पाहिले. मामांच्या मशीनचा तुकडा काचेसारखा. माझ्या तुकड्यावर लांबीच्या दिशेनं बारीक पट्टे, प्रत्येक कार्बाइडच्या तुकड्याचा एकेक उथळ माग. हाताला ते लागत नाहीत, पण तेलाचा हात फिरला की तिरप्या उजेडात दिसतात. हातरंध्याचे दोन हात किंवा 120 नंबरचा काचपेपर मारला की जातात. तरी ते काम वाढतंच.

पण ही काचेसारखी फळी किती दिवस मिळते? सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती स्टीलची धार खाते. नव्या पात्यांची पहिली चमक माझ्याकडे थोड्याच फळ्यांपुरती टिकायची. मग रेशे हलके उचकटू लागायचे, मशीनचा आवाज जड व्हायचा, रोलर फळी ओढताना अडखळायचे. कार्बाइडचे तुकडे मी नऊ महिन्यांत सरसकट एकदाही फिरवलेले नाहीत, फक्त मार लागलेले फिरवले.

खरा निकाल शिसमानं लावला. शिसमाचे रेशे एकमेकांत गुंतलेले असतात. एका पट्ट्यात सुलटे, शेजारच्या पट्ट्यात उलटे. फळी कुठल्याही बाजूनं घाला, कुठेतरी उलट्या रेशावर पातं चढणारच. एका पेटीच्या झाकणासाठी जपून ठेवलेली फळी मी मामांच्या मशीनमध्ये घातली. कापण्याची खोली अगदी कमी ठेवली होती. तरी मधोमध तीन ठिकाणी लाकूड उपटून निघालं. नखाचं टोक आत जाईल एवढे खड्डे. ते घालवायला फळी इतकी पातळ करावी लागली असती की झाकण झालंच नसतं. तिची जोडीदार फळी हेलिकलमधून काढली, तर एका गाठीजवळचा किंचित खडबडीतपणा सोडला तर कुठेही उपटलेलं नव्हतं. लांब पातं लाकडावर एकदम आडवं आदळतं, हेलिकलचे तुकडे थोडे तिरके बसवलेले असतात आणि एकामागून एक कापत जातात. घेताना एक नक्की बघा: काही हेडमध्ये ओळी पिळाच्या असतात, पण प्रत्येक तुकड्याची धार सरळच असते. ते आणि तिरक्या धारेचं हेड एक नव्हे.

मग खिळा. जुन्या दरवाजाच्या फळ्या मशीनमधून काढताना एक मोडका खिळा माझ्या नजरेतून सुटला. मामांच्या मशीनच्या तिन्ही पात्यांना एकाच ठिकाणी खाच पडली आणि प्रत्येक फळीवर उंच रेघ उमटू लागली. एक पातं बाजूला किंचित सरकवलं की खाचा एका ओळीत राहत नाहीत आणि रेघ जाते, ही युक्ती मामांचीच. पण त्यासाठी सगळे बोल्ट सैल करा, पात्याची उंची जुळवणाऱ्या गेजवर ते पुन्हा बसवा, तपासा. एक जरी पातं केसभर वर राहिलं तर सगळा कापण्याचा भार त्याच्यावर. माझी अख्खी सकाळ गेली.

पुढे हेलिकललाही एक खिळा लागला. प्लग काढून दोन तुकडे पाव वळसा फिरवले, नवी धार वर. प्रत्येकाला चार धारा असतात. पहिल्यांदा मात्र मी खाचेतला भुसा नीट पुसला नाही, तुकडा जरासा वर बसला आणि फळीवर बारीक चर पडू लागली. आता खाच ब्रशनं झाडते, फडक्यानं पुसते आणि स्क्रू टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरावीक जोरापुरताच आवळणाऱ्या पान्यानंच, आवळते. जास्त आवळला तर कार्बाइडला तडा जातो.

आवाज खूप कमी होतो म्हणतात. कापण्याचा आवाज खरंच कमी होतो, पण मोटरची किंकाळी तीच राहते. कानावर मफ हवेतच. ढलप्या बारीक निघतात, त्यामुळे भुसा ओढणारा 4 इंची पाइप तुंबत नाही. मामांच्या मशीनच्या लांब कुरळ्या ढलप्यांनी तो दोनदा तुंबला.

हेलिकलचा तोटा म्हणजे मोटरवरचा ताण. रुंद सागावर मामांचं मशीन दीड मिलिमीटर सहज खातं, माझं एक मिलिमीटरवर दमतं. दोन फेऱ्या जास्त, बस. आणि स्नाइप, म्हणजे फळीच्या टोकांना जरा जास्त कापलं जाऊन पडणारा खळगा, दोन्हीत सारखीच होती. तिचा हेडशी संबंध नाही. फळी आत जाते आणि बाहेर येते त्या बाजूंची टेबलं टोकाकडून किंचित वर उचलली, तेव्हा दोन्हीत जवळपास गेली.

माझ्याकडे जुना साग आणि शिसम, हेच येतं. त्यामुळे हेलिकल ठेवलं. मामांना सांगताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "अगं, पाती बदलायचा कंटाळा म्हणून मी कित्येकदा बोथट पात्यांवरच काम रेटलं आणि नंतर घासत बसलो. तू तेच करत बसू नकोस."

त्यांचं मशीन आता मामेभावाकडे गेलंय. तो पाइनच्या सरळ रेशाच्या पेट्या करतो, त्याला ते अगदी योग्य आहे. देण्याआधी तिन्ही पाती धार लावून बसवली, फळी सरकते त्या बेडवर मेण घासलं, गेज आणि पात्यांचा जादा संच डब्यात ठेवला. पहिली फळी त्याच्यासमोर काढली. त्यानं ती खिडकीपाशी नेऊन आडवी धरली आणि बराच वेळ काही बोललाच नाही.