खानापूरची उधारी बेळगावात बसून: डीबीव्हर वर्षभर वापरल्यावर

रविवार पेठेत आमचं बी-बियाणं आणि खताचं होलसेल दुकान आहे, दुसरं खानापूरला. हिशेब मी बघते. दोन्हीकडची बिलं मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये जमा होतात. बिलिंगच्या प्रोग्राममधून ठरावीक रिपोर्ट निघतात. पण मृग तोंडावर आला की काका विचारतात, "गेल्या सालची बाकी कुणाकुणाची राहिलीय गं? भाताचं बियाणं परत उधार द्यायचं काय?" हा रिपोर्ट त्यात नाही. त्यासाठी मी डीबीव्हर घेतलं, म्हणजे डेटाबेसला थेट जोडून हवी ती माहिती काढायचं सॉफ्टवेअर. कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि पहिल्यांदा जोडताना मायएसक्यूएलचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्राम) ते स्वतःच उतरवून घेतं.

याआधी ज्यांनी आम्हाला बिलिंग बसवून दिलं, त्यांनी 3306 पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं मायएसक्यूएलचं दार, सगळ्या जगाला उघडा ठेवला होता आणि वर रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरचा, पासवर्ड हातात दिला होता. म्हणजे दुकानाचं शटर वर करून किल्ली दारालाच लटकवायची. गिऱ्हाइकांचे फोन नंबर, बाक्या, सगळं त्यात. ते कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

डीबीव्हरमध्ये एसएसएचचा (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायच्या पद्धतीचा) वेगळा टॅब आहे, आणि माझ्या मते हे सॉफ्टवेअर घ्यावं ते एवढ्यासाठीच. माझ्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंत एक बंद बोगदा तयार होतो आणि डेटाबेसशी सगळं बोलणं त्यातून चालतं. बाहेरून 3306 बंद, उघडा फक्त एसएसएचचा 22, तोही पासवर्डऐवजी की-फाइलवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या किल्लीच्या फाइलवर. मी पहिले दोन दिवस घालवले ते एका चुकीत: मुख्य टॅबमध्ये होस्ट म्हणून सर्व्हरचा आयपी, म्हणजे त्याचा नेटवरचा पत्ता, लिहीत होते. तो आयपी एसएसएचच्या टॅबमध्ये लिहायचा. मुख्य टॅबमध्ये ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच मशीन’, लिहायचं, कारण बोगद्यातून पलीकडे निघाल्यावर डेटाबेस त्याच मशीनवर बसलेला असतो. हे ध्यानात आलं आणि कनेक्शनची चाचणी पुढे सरकली.

पुढे सरकली, पण लगेच दुसरीकडे अडली. ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ असं लाल अक्षरात आलं. मायएसक्यूएल 8 मध्ये पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, त्यामुळे हे येतं. ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये ‘अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल’ समोर ‘ट्रू’ केलं की सुटतं. बोगदा असेल तरच हे करा. उघड्या नेटवरून जोडत असाल तर नको.

कनेक्शनचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवला की एडिटर लालसर होतो, आणि कमिटचं बटण दाबल्याशिवाय डेटातला बदल पक्का होत नाही. मी ‘रीड-ओन्ली’चीही (फक्त वाचायचं, बदलायचं नाही) खूण करून ठेवलीय. तरी तेवढ्यावर विसंबू नका. सर्व्हरवरच फक्त वाचायचा हक्क असलेला वेगळा युजर करून घ्या. आमचा रूट आता कुणाच्याच कॉम्प्युटरवर नाही.

काही गोष्टी खटकतात. 4 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ते फार जड चालतं. मी 8 केली तेव्हा कुठे नीट हाताळता आलं. यादी पहिल्यांदा 200 ओळींवर थांबते. खानापुरात आमची गिऱ्हाइकं त्याहून कितीतरी जास्त, मला वाटलं डेटाच गेला! खाली सरकवलं की पुढच्या ओळी येतात, पण एकूण बाकी हवी असेल तर बेरीज क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच, करून घ्यावी. पावसात खानापूरला गेले की मोबाइलच्या नेटवर कनेक्शन तुटायचं. कनेक्शन जागं ठेवणाऱ्या ‘कीप अलाइव्ह’मध्ये 60 सेकंद लिहिल्यापासून तो त्रास बराच कमी झाला.

एक गोष्ट आमच्या भागासाठी मुद्दाम सांगते. आमच्या यादीत ‘पाटील’ मराठीत आहे आणि त्याच्याच खालचा ‘गौडर’ कन्नड लिपीत. डीबीव्हरमध्ये दोन्ही नीट दिसत होते, पण यादीची सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) काढून एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी नुसती भलतीच चिन्हं. निर्यात करताना ‘इन्सर्ट बीओएम’ला (फाइलच्या सुरुवातीला अक्षरांची पद्धत सांगणारी खूण घालायच्या पर्यायाला) टिक केलं आणि दोन्ही लिप्या जशाच्या तशा उमटल्या. या जूनमध्ये ती यादी छापून गल्ल्याशेजारी लावली. काकांनी पेन्सिल घेतली आणि एकेका नावापुढे कुणाला किती पोती द्यायची ते लिहायला बसले.