पोकळ गारगोट्या आणि पाण्याचा टाइल कटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

११ वर्षांच्या लेकीसोबत पोकळ गारगोट्या, म्हणजे जिओड, कापून पाहता याव्यात म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये मी टेबलावर ठेवून चालवायचा पाण्याचा टाइल कटर घेतला. १८० मिलिमीटरचे डायमंड ब्लेड, ६०० वॉटची मोटर, मिनिटाला सुमारे २९५० फेरे आणि ब्लेडखाली पाण्याचा ट्रे, एवढीच त्याची रचना आहे. आठ महिन्यांत आम्ही ३१ दगड कापले आणि त्यांतले ९ खऱ्या अर्थाने पोकळ निघाले. यंत्राचे गुणदोष पुढे लिहिले आहेतच. पण या काळात कटरपेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा आम्ही कितीतरी जास्त वापरला. ज्यांना मुलांसोबत हा छंद सुरू करायचा आहे त्यांनी आधी काटा घ्यावा, दगड ओळखायला शिकावे आणि मगच कटरचा विचार करावा, असे माझे मत आहे.

नागपूरकरांना या छंदासाठी फार लांब जावे लागत नाही. दख्खनच्या लाव्हाथरांची पूर्वेकडची कड नागपूरपाशीच येते. पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडे गेले की काळा पाषाण लागतो आणि पूर्वेला भंडाऱ्याकडे गेले की त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक लागतो. तिकडे जिओड शोधण्यात दिवस वाया जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांच्या भिंतींवर बसत गेली : आधी बारीक कणांच्या अकीकाचे थर, आणि मधे जागा उरली असेल तर तिथे टोकदार स्फटिक. खडक झिजून माती झाली तरी ही गारेची गाठ शाबूत राहते, म्हणून ती शेतात सापडते. आमचे बहुतेक दगड काटोलजवळ लेकीच्या आजोबांच्या संत्र्याच्या बागेतले आहेत : काही नांगरटीत निघून धुऱ्यावर टाकलेले, काही जुन्या विहिरीच्या ढिगाऱ्यातले. दुसऱ्याच्या शेतात किंवा खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही, आणि हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा.

पोकळ दगड हाताला हलका लागतो, हे खरे असले तरी हाताचा अंदाज फसवा असतो. म्हणून आम्ही घनता काढतो. प्रथम कोरड्या दगडाचे वजन घ्यायचे. मग काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले भांडे ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दगड दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवायचा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके मिलिलिटर दगडाचे आकारमान. आमच्या वहीतला १४ क्रमांकाचा दगड ४१२ ग्रॅमचा होता आणि बुडवल्यावर काट्याने १९० दाखवले. म्हणजे घनता सुमारे २.१७. भरीव अकीकाची घनता २.६ च्या आसपास असते. त्या हिशोबाने ४१२ ग्रॅम अकीकाला साधारण १५८ मिलिलिटर जागा पुरली असती, तेव्हा उरलेल्या ३२ मिलिलिटरमध्ये हवा असली पाहिजे. लेकीने हे गणित स्वतः मांडले आणि वहीत ‘आत ३२’ असे लिहून ठेवले. दगड कापल्यावर त्या पोकळीत तिने औषधाच्या मापाने पाणी भरून पाहिले, ते दोन्ही अर्धकांत मिळून २९ मिलिलिटर मावले. ब्लेडच्या जाडीइतका दगड कापण्यात गेला, हे तीन मिलिलिटरच्या फरकाचे कारणही तिनेच शोधले.

ही पद्धत दोन ठिकाणी चकवते. झिओलाइट गटातली खनिजे मुळातच हलकी असतात. त्यांतल्याच स्टिल्बाइटची घनता २.२ च्या जवळपास असते. बाहेर गारेची पातळ साल आणि आत झिओलाइट गच्च भरलेले, असा एक दगड आम्ही पोकळ समजून कापला. त्यानंतर आम्ही सालीला कुठे टवका गेला आहे का ते शोधतो आणि तिथे चाकूचे टोक ओढतो. खनिजांची कठीणता १ ते १० अशा मोह्सच्या मापात मोजतात; गारेची ७ असल्याने चाकूने तिच्यावर ओरखडा उठत नाही. कॅल्साइट ३ आणि स्टिल्बाइट ३.५ ते ४, त्यामुळे या दोन्हींवर सहज उठतो. दुसरी चूक मला अधिक लागली. एक करडा, ओबडधोबड गोळा कापल्यावर आत पोकळी नव्हतीच, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे लहान शंख गारेत जसेच्या तसे टिकलेले होते, आणि ब्लेड त्यांतल्या दोघांच्या मधोमध गेले होते. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात इथे तळी होती, त्यांच्या गाळातले हे जीव. नागपूरच्या टाकळी भागातल्या अशाच थरांतले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात अभ्यासले होते. आता गोल नसलेला, भिंगातून पाहिल्यावर पृष्ठभागावर शंखाची वळणे दिसणारा दगड आम्ही कापतच नाही.

यंत्राबद्दल. फरशी कापण्यासाठी बनवलेल्या या कटरचा काप ३४ मिलिमीटरच खोल जातो. त्यामुळे साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जाड दगड याच्या आवाक्याबाहेरचा, आणि त्याच्या आतलाही बहुधा उलटा करून दोन्ही बाजूंनी कापावा लागतो. रेघ नीट आखली नसेल तर मधे पायरी राहते. सोबत आलेले खाचा असलेले ब्लेड गारेचे कपचे उडवते. सलग कडेचे ब्लेड वेगळे घ्यावे लागले आणि फरक पहिल्याच कापात दिसला. अकीकावर ब्लेड लवकर गुळगुळीत होऊन नुसते घासत राहते. अशा वेळी भाजलेल्या विटेच्या तुकड्यात चार-पाच काप घेतले की नवे हिरेकण उघडे पडतात आणि धार परत येते. माझ्या यंत्राचा ट्रे दुसऱ्याच महिन्यात कोपऱ्यातून गळू लागला. विक्रेत्याने दाद दिली नाही, शेवटी सिलिकॉन सीलंट भरून मीच तो बंद केला.

सर्वांत मोठा धोका गोल दगड फिरण्याचा आहे. नोव्हेंबरमध्ये एक दगड माझ्या हातात फिरला, ब्लेड अडकले आणि दगड भिंतीवर जाऊन आपटला. तेव्हापासून प्रत्येक दगड लाकडी खोक्यात पीओपीमध्ये अर्धा रुतवून, एक दिवस वाळवून, मगच टेबलावर जातो. यंत्र मीच चालवते. ते चालू असताना लेक गच्चीच्या दाराआड काचेमागे उभी असते. माझ्या डोळ्यांवर गॉगल, नाकावर एन-९५ मास्क आणि वीजजोडणीला ईएलसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), यांपैकी काही नसेल तर त्या दिवशी काम होत नाही. कोरडे कापणे आमच्याकडे पूर्ण वर्ज्य आहे, कारण गारेची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. ट्रेमधला गाळही मोरीत ओतू नये; तो वाळण्याआधीच ओला असताना पिशवीत बांधून टाकावा, नाहीतर वाळल्यावर त्याचीच धूळ होते.

त्यापुढचे सगळे लेकीचे. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पसरून, पाणी शिंपडत, १२० नंबरपासून २२०, ४००, ६०० आणि १००० पर्यंत ती कापलेली कड आठच्या आकारात घासते. ब्लेडचे ओरखडे १२० वरच पूर्ण गेले पाहिजेत. ही एकच पायरी कधीकधी तासभर घेते आणि इथे घाई केली तर ते ओरखडे १००० नंबरनंतरही चमकत राहतात. १४ क्रमांकाच्या एका अर्धकाची कड तिने तीन रविवार घासली. ओला असताना दिसणारे राखाडी-निळे पट्टे आता तो कोरडा असतानाही तसेच दिसतात.