तालुक्याचं फ्लेक्सचं दुकान आणि लेकरांच्या चित्रांचं प्रदर्शन: छपाई द्या, डिझाइन नको

तान्ह्या पोळ्यानिमित्त (लेकरांच्या लाकडी नंदीचा पोळा) जिल्हा परिषद शाळेत लावायच्या चित्रप्रदर्शनाचं सगळं काम, म्हणजे दारावरची पाटी, भिंतीवरचे फलक, नावपट्ट्या, बसस्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात होतं. छपाई स्वच्छ, कटिंग सरळ. त्याला पाचपैकी चार. डिझाइनला दीड, तेही दयेपोटी.

ऑपरेटरचा हात वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला आहे. चित्र हाती आलं की मागचा कागद कापायचा, निळ्यातून केशरीत विरघळणारा ग्रेडियंट टाकायचा, अक्षरांना सोनेरी कड लावायची. दुसरीतल्या पोट्ट्याने तेलखडूने नंदीला पाचवा पाय काढला असेल तर तो चूक समजून पुसला जातो. प्रदर्शन लेकराचं आहे की कोरलड्रॉ नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं, असा प्रश्न पडतो.

तेव्हा फाइल घरूनच तयार न्यावी. ए-फोर चित्र 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं तर ए-टू आकारात छापतानाही 300 उरतात. 300 वर केलं तर 150, जवळून पाहताना तेवढं जेमतेम पुरतं. स्कॅनर नसेल तर ओसरीत, सावलीत, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढा. फ्लॅशने तेलखडू चमकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो आक्रसतो. भडक गुलाबी-पोपटी खडू छपाईत थोडे मळकट येणारच, ती शाईची मर्यादा. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवून घेऊ नका, बाकीचे रंग बिघडतात.

मराठी मजकुराची गोची वेगळीच. दुकानात जुने, युनिकोड (मोबाइल-संगणकांची सामायिक अक्षरपद्धत) नसलेले फॉन्ट चालतात. युनिकोडमधला मजकूर तिथे चिकटवला की ऱ्ह, ऱ्य, क्ष यांचा चुराडा होतो. मुक्तासारख्या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करून पीडीएफ न्या. फाइल कोरलची असेल तर मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा, अक्षरांच्या आकृत्या होतात, मग दुकानात तो फॉन्ट लागत नाही. नावपट्टीला 24 पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या उकाराला खालची वेलांटी भिडते. चित्राचं नाव लेकराने सांगितलं तसंच ठेवा. 'बैल आंघोळीले चालला' हे शुद्ध करायची गरज नाही.

सनबोर्ड, म्हणजे चित्र चिकटवायचा फोमचा पत्रा, 5 मिलिमीटरचाच मागा. 3 चा स्वस्त, पण उन्हाच्या भिंतीवर कमान होतो. 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून ए-थ्री आकाराचे 20 आडवे तुकडे निघतात, उरलेल्या पट्टीतून आणखी 2 उभे. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. लॅमिनेशन मॅट घ्या, ग्लॉसवर खिडकी दिसते, चित्र नाही. पोळा ऐन पावसाळ्यात, शाई वाळायला वेळ लागतो. छपाई आणि लॅमिनेशन यांत एक दिवस मोकळा ठेवा. घाई केली की फोड येतात आणि दोष व्हिनाइलला, म्हणजे ज्यावर छापतात त्या चिकट प्लास्टिकला, दिला जातो. इन्व्हर्टर आहे का तेही विचारा. छपाई चालू असताना लाइन गेली तर फलकावर आडवी रेघ उमटते.

चुन्याच्या भिंतीला डबल टेप धरत नाही, पापुद्र्यासकट खाली येतो. बांबू आणि सुतळी बरी, फलकाला आयलेट (सुतळी ओवायच्या धातूच्या कड्या) दुकानातच ठोकून मिळतात. मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. सरपंचांना थोडं वाकावं लागेल.